सालीकडून मोजलेले मासे

उन्नतीच्या घरात तीन पिढ्यांत कुणी समुद्र पाहिला नव्हता. ती मात्र अकरा वर्षं किनाऱ्यावर राहून माशांचं वय मोजत होती. घोळ माशाच्या कानात एक पांढरा खडा असतो, चिंचोक्याएवढा. तो कापला की आत रेघा दिसतात, साधारण वर्षाला एक. लकडगंजातले नातेवाईक विचारत, "पोरगी काय करते?" तिची आई वंदना सांगे, "माशायच्या कानाची डॉक्टर हाय." उन्नतीला हे फार आवडे.

या फेब्रुवारीत धंतोलीतल्या दवाखान्यात तिच्या आजोबांचा, नानाजींचा मोतीबिंदू काढला. ती रजा घेऊन नंदनवनातल्या घरी आली. सोबत सहाशे खड्यांचे फोटो, शेवटच्या पडताळणीसाठी. अहवाल तयार होता: घोळीची मादी उशिरा, चौथ्या वर्षी, पहिल्यांदा अंडी घालते आणि त्याआधीच जाळ्यात सापडते, म्हणून मासेमारी महिनाभर जादा बंद ठेवावी. मंगळवारी तो होडीवाल्यांसमोर वाचायचा होता. तिच्या शब्दावर ते महिनाभर घरी बसणार होते.

नानाजींची हयात आरामशीनवर सागवान कापण्यात गेली. नव्या डोळ्याने ते भिंतीवरची पालसुद्धा निरखत. तसेच लॅपटॉपशी आले.

"हे सागवान हाय का?"

"माशाचा कान आहे, नानाजी."

"जन्मात मासा खाल्ला नाही, आन् कान पाहाले लावते." त्यांनी खुर्ची ओढली. "मधातून काहून मोजून राहिली वं? सालीकडून मोज."

"आम्ही मधूनच मोजतो."

"मोजा बापा. आम्ही अडाणी." तरी त्यांचं बोट पडद्यावर टेकलंच. "काठापासून ही तिसरी रेघ पाह्य. पुरी फिरली नाही. बोगस हाय."

उन्नती हसली. ती फिकी रेघ तिच्या ओळखीची होती. सगळ्याच माशांत होती, म्हणून तर तिने ती खरी धरली होती. तिने तसं सांगितलं.

"दुष्काळ एकट्या झाडाले पडते का? एका साली अख्ख्या जंगलानं मधातच पानं टाकली. मंग पाणी आलं, झाडं पुन्हा वाढली. एका सालात दोन रेघा."

उन्नतीने दुसरा फोटो उघडला. मग तिसरा. मासे एकाच हंगामात पकडलेले, पण लहान-मोठे. मधून मोजलं की ती रेघ एकात दुसरी यायची, एकात सहावी. काठाकडून सगळ्यांत तिसरी. मधल्या ज्या वर्षी समुद्र फार तापला होता, तेच ते वर्ष.

संध्याकाळपर्यंत साठ खडे झाले. एकही वेगळा निघाला नाही. तिने तोंड धुतलं आणि तिच्या संस्थेतल्या अश्विन सरांना फोन लावला.

"सर, मी प्रत्येक माशाला एक वर्ष जास्त दिलंय. मादी तिसऱ्याच वर्षी अंडी घालते. जादा महिन्याची शिफारस थांबवा."

"मंगळवारी त्या लोकांना काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू. मी येते."

"पुन्हा तुझं ऐकणार नाहीत ते."

"नाही ऐकणार कदाचित. पण चूक माझी आहे, ती माझ्याकडूनच कळू दे."

"हं. दुसऱ्यांदा कोणी मोजलं?"

"माझ्या आजोबांनी. आरामशीनवर होते."

सर म्हणाले, "उरलेलेही त्यांच्याकडूनच मोजून आण."

फोन ठेवून ती वळली. नानाजी पुढच्या फोटोवर वाकले होते.

"आधी डोळ्यात थेंब टाक," ते म्हणाले. "मंग बसू."