अडकणारी रायफल

आण्णा कुठलीही वस्तू वापरण्याआधी तिच्यात फुंकर मारायचे. चहा ओतण्याआधी कपात, पाय घालण्याआधी बुटात, किल्ली लावण्याआधी कुलपात. माझ्या नव्या पेनाचं टोपण काढून त्यातही त्यांनी एकदा फुंकर मारली होती. वर म्हणायचे, "फुंकल्याबिगर कशाचा भरवसा धरू ने, पावणीबाई." अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. आपण त्यांना हसतो आणि काही दिवसांनी स्वतःही कपात फुंकायला लागतो.

मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहायचे. आमचं गाव गगनबावड्याकडचं, धो धो पावसाचं. घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच, त्यामुळे कोल्हापुरात कुणाशी काय बोलावं हे मला सुचायचं नाही. पहिल्या दिवशी मी जिन्याखाली नुसतीच उभी होते. आण्णा ओसरीतून ओरडले, "पावणं कुठलं म्हणायचं?" मी गाव सांगितलं. "म्हंजे पाऊस संगट घिऊनच आलायसा की!" तेव्हापासून मी पावणीबाई झाले, ती शेवटपर्यंत.

ते एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. काकू, म्हणजे त्यांची बायको, मी येण्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. मला त्या फक्त फोटोतून माहीत. फोटोत त्यांचं कुंकू रुपयाएवढं होतं. आण्णा त्यांच्याबद्दल फार बोलत नसत. जेवताना मीठ कमी असलं की तेवढं फोटोकडे बघायचे.

त्यांच्या लोखंडी कपाटात एक रायफल होती, पॉइंट टू-टूची. लहान गोळीची, नेमबाजीला वापरतात तसली. ती त्यांच्या वडिलांची. वडील गेल्यावर परवाना आण्णांच्या नावावर झाला होता. कित्येक वर्षांत ती कुणी उडवली नव्हती. मग कुरुंदवाडची त्यांची नात नेमबाजी शिकायला लागली. मुलगी चांगली होती, पण क्लबाच्या रायफली थोड्या आणि पोरं जास्त. पाळी येईपर्यंत तिचा हात गार पडायचा. आण्णांनी ठरवलं की वडिलांची रायफल तिच्या नावावर करायची. महिन्याच्या शेवटी संघाची निवड होती, आणि त्याआधी हातातली रायफल तिच्या सवयीची व्हायला हवी होती.

पण रायफल चालेना. क्लबात पहिल्यांदा नेली तेव्हा मॅगझिनमधली, म्हणजे खालच्या डबीतली, गोळी वर यायची आणि तोंडाशीच तिरकी होऊन अडकायची. हाताने आत ढकलून एक उडवली, तर तिची रिकामी पुंगळी बाहेर येईना. शेवटी पुढून नळीत काडी घालून ती पाडावी लागली. तिथले सर आण्णांना म्हणाले, "काका, ही अशी रेंजवर आणू नका. एक तर नीट करून आणा, न्हाईतर दुकानात जमा करून टाका."

'जमा' हा शब्द आण्णांना लागला. घरी आल्यावर ते बराच वेळ नुसतं "जमा म्हणं, जमा" असं म्हणत होते.

मग रोज सकाळी परसात उन्हाला पोतं पसरून काम सुरू झालं. रायफल ते स्वतः धरायचे आणि मला फक्त बॅटरी धरू द्यायचे. दुकानातून आणलेल्या खोट्या गोळ्या मॅगझिनमध्ये भरायच्या, बोल्टचा मागचा दांडा ओढायचा, ढकलायचा. खट्. अडकली. आण्णा नळीत फुंकर मारायचे. पुन्हा खट्. पुन्हा अडकली.

"मॅगझिनचंच दुखणं हाय. मी जलमभर गाडी हाकलीय, मला आवाजावरनं कळतंय."

मीही माझ्या परीने मदत केली. स्प्रिंग थकली की जोर कसा कमी पडतो ते वहीत आकृती काढून समजावलं. आण्णांनी कौतुकाने मान हलवली आणि नवी स्प्रिंग आणली. मॅगझिनचे ओठ, म्हणजे तोंडाच्या कडा, पकडीने आधी आत वाकवले, मग बाहेर. त्यांचा आवाज आणि माझी आकृती, दोन्ही चुकले होते. गोळी तिथेच अडकत होती.

शेवटी आम्ही बंदूक दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार आण्णांच्या ओळखीचा, तोंडाने फटकळ.

"मॅगझिनचा कशाला जीव घेतलाय ओ आण्णा? त्ये बिचारं ठीक हाय. आतनं बघा की."

त्याने बोल्ट काढला. गोळी जिथे बसते तिथे पितळी सळईने खरवडलं. मग रिकामी पुंगळी कडेला धरून ओढणारा तो बारीक आकडा सुईने उकरला. काउंटरवरच्या पांढऱ्या कागदावर खपल्या पडल्या, लाल आणि पिवळ्या. तेलात मुरून दगडासारख्या झालेल्या.

"ह्ये काय ओ? बंदूक देवळात ठिवलीती काय?" दुकानदार हसला. "आकडाच बुजलाय सगळा. पुंगळीला धरणार कशी? आन् गोळीचं घरच असं भरल्यावर ती तरी शिरंल कुठनं?"

आण्णा कागदावर वाकले. बोटाने एक खपली दाबली आणि बोट डोळ्यांसमोर धरलं. तेवढ्यात दुकानदाराने सहज, काउंटर साफ करायला, फुंकर मारली. आण्णांनी हात पुढे केला होता, पण तोवर ते सगळं फरशीवर उडालं होतं.

"बाकीचं काढू का? अर्ध्या तासाचं काम हाय."

"नगं. आज नगं," आण्णा म्हणाले, आणि रायफल पिशवीत घातली.

आम्ही घरी आलो. ओसरीत टेकल्यावर आण्णा म्हणाले, "खंडेनवमीला मी कवा घरात नसायचो, पावणीबाई. दसऱ्याला जादा गाड्या. हत्याराची पूजा तुमची काकूच करायची. एकदा मी निघता निघता बघितलं, तर वरनं नळीला कुंकू लावालती. मी चेष्टेनं म्हटलं, अगं, वरनं लावून काय उपेग? खरं काम आत हुतंय. बोल्ट उघडून दावला आन् गेलो ड्यूटीवर."

मग म्हणाले, "तिनं ते मनावर घेतलं बघा."

दर खंडेनवमीला काकू बोल्ट उघडून, खोबरेल तेलात कालवलेलं हळदकुंकू आत लावत होत्या. कुणी आठवण करून न देता, नवरा नसताना, नेमाने. आणि पुसून काढायचं ते तरी कशाला? देवाचं होतं.

त्यानंतर पोतं परसात पसरलं गेलं नाही. निवड जवळ आली. नातीचा फोन यायचा, आण्णा तो मोठ्या आवाजावर लावायचे.

"आजोबा, झाली का ओ?"

"हुतीय की. गडबड काय?"

"गडबड हाय की! ह्या रविवारी निवड हाय. सर म्हणाले, आत निस्ती घाण साठलीय म्हणून."

"घाण न्हवं!" आण्णा एवढ्याने ओरडले की मी जिन्यात थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "घाण म्हणू नगं, बाळ."

त्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. चहा दिला. कपात फुंकर मारायची राहिली, हे माझ्या लक्षात आलं.

"तुमच्या सायन्समधी असं काय हाय का, की आतलं तसंच ऱ्हाईल आन् रायफल बी चालंल?"

मी उगीचच विचार केल्यासारखं केलं. मला 'हो' म्हणायचं होतं. असं काहीतरी असायला हवं होतं.

"नाही, आण्णा."

"मग एवढं शिकून करायचं काय?" ते म्हणाले. चिडून नाही. खरंच विचारल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोतं पुन्हा उन्हात आलं. वाटीत रॉकेल, जुना दात घासायचा ब्रश, एक लांब सळई आणि धोतराच्या चिंध्या. आण्णांनी दुकानदाराकडे जायचं नाकारलं होतं. त्यांनी काकूंच्या फोटोकडे पाठ केली नाही की हात जोडले नाहीत. सरळ कामाला बसले. आकडा सुईने मोकळा केला. चिंधी रॉकेलात बुडवून सळईने आत फिरवली. पहिली काळपट आली, मग तांबडी, मग हळदीची पिवळी. एकेक चिंधी ते पिळून भिंतीवर वाळत घालत होते. टाकली एकही नाही.

शेवटी एक चिंधी पांढरी बाहेर आली. काम झालं होतं. आण्णांनी दुसरी घेतली आणि पुन्हा आत घातली. तीही पांढरी आली. मग आणखी एक. मी बॅटरी बंद केली तरी ते सळई फिरवतच होते.

रविवारी मीही त्यांच्याबरोबर रेंजवर गेले. नातीने मॅगझिन भरलं. गोळ्या एकामागून एक सरळ आत गेल्या, पुंगळ्या उजवीकडे टणटण उडून पडल्या. पुन्हा भरलं, पुन्हा तसंच. सर म्हणाले, "आता कशी बंदुकीवानी बंदूक झाली!" नातीचं नाव निवडीत आलं. तिने पळत येऊन आजोबांना मिठी मारली. आण्णांनी तिच्या पाठीवर थापटलं, पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या, सगळं रीतसर केलं.

पुढच्या पावसाळ्यात आण्णा गेले. दोन दिवसांचा ताप आला आणि संपलं. मी परीक्षेला बसले होते, मला कळलं ते दुपारी. घर बंद झालं आणि मी दुसरीकडे खोली घेतली. रायफल आता नातीकडे आहे आणि अजून एकदाही अडकलेली नाही, असं ती आनंदाने सांगते.

मला मात्र आण्णा आठवतात ते त्या रविवारी परतीच्या बसमध्ये. रायफल क्लबाच्या कुलपात राहिली होती. इतकी वर्षं सांभाळलेलं ओझं उतरल्यामुळे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. एकदा मांडीवर, एकदा समोरच्या दांडीवर. मी म्हणाले, "आण्णा, छान झालं. एकसुद्धा अडकली नाही."

ते खिडकीबाहेर बघत होते. बस उसाच्या ट्रॉलीमागे रखडली होती.

"एक तरी अडकायला पायजे हुती की," ते म्हणाले.