पडदेवालीची गाडी

गल्लीत तिला सगळे पडदेवालीच म्हणत. खिडकीचं माप घ्यायचं, घरी शिवायचं आणि पडदा स्वतः जाऊन लावून द्यायचा, हा तिचा धंदा. नवरा गेल्यावर त्याची जुनी गाडी तिनं या कामाला जुंपली होती. पडद्यांचे दांडे मागच्या काचेपासून पुढच्या सीटपर्यंत आडवे, वर कापडाचे गठ्ठे. गाडी गेली की धंदा गेला.

आणि हल्ली गाडी आचके देऊ लागली होती. चढावर तर जीव मुठीत धरावा लागे.

"वहिनी, विका हे भंगार," धाकटा दीर म्हणाला. "उद्या सकाळी गिऱ्हाईक आणतो. आणि अगदीच मन होत नसेल तर इंजिनात हे नवे स्पार्क प्लग बसवून बघा. दुकानातले सगळ्यात भारी आणलेत."

तिनं थंड गाडीचं बॉनेट उघडलं. प्लगवरच्या चार वायरींची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, पहिला प्लग काढला. टोकावर काजळीचा थर. नवा शेजारी धरला, तर त्याचा आट्यांचा भाग चांगलाच लांब. तो आत जाऊन पिस्टनवरच आपटला असता. तिनं तो परत खोक्यात ठेवला.

"भाऊजी, हे आपल्या गाडीचे नाहीत. लांब आहेत."

"भारीतले आहेत, म्हणून लांब!"

"मापापेक्षा लांब पडदा भारी नसतो, पायात येतो. दुकानात गाडी कुठली सांगितलीत?"

दीरानं 'सगळ्यात भारी द्या' एवढंच सांगितलं होतं.

ती स्वतः दुकानात गेली. गाडीचं मॉडेल, साल सांगून साधेच, पण योग्य प्लग घेऊन आली. एकेक हातानंच फिरवत बसवू लागली. तिसरा मध्येच अडला.

"जोर लावा की!"

"आटे गेले तर इंजिन तुम्ही देणार का?" तिनं तो उलटा फिरवून काढला, पुन्हा सरळ धरून लावला. चारही टेकल्यावर पान्यानं बेताचा पीळ दिला.

दोऱ्यांचे रंग बघून वायरी जोडल्या आणि चावी फिरवली. गाडी पुन्हा थरथरली.

"झालं समाधान?" दीर हसला.

"हसून घ्या." तिनं गाडी बंद करून वायरी तपासल्या. शेवटची नीट बसलीच नव्हती. घाईत तिचीच चूक. टक् असा आवाज येईपर्यंत दाबली आणि पुन्हा चावी फिरवली. इंजिन एका सुरात चालू लागलं.

सकाळी गिऱ्हाईक आलं, गाडीभोवती फिरलं, टायरला लाथ मारून बघू लागलं.

"लाथ मारू नका," दांडे आत सरकवत ती म्हणाली. "गाडी विकायची नाही."

"वहिनी, मी शब्द दिलाय यांना!"

"मग तुमची स्कूटर द्या त्यांना. आणि सरका जरा, गाडी मागे घ्यायचीय."

टेकडीचा चढ लागला तसं तिनं स्टिअरिंग घट्ट धरलं. मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. तिनं गिअर उतरवला आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काही हलवला नाही. गाडी एकही आचका न देता चढत राहिली.