चाखलेल्या पावाचा हिशेब

भट्टीवर तिला सगळे ताई म्हणत, वयाने मोठे असलेले मालकसुद्धा. पंचवीस वर्षं ती पहाटे पीठ मळत आली होती आणि तिच्या पावाला नाव ठेवायची कोणाची टाप नव्हती. वजन अठ्ठ्याण्णव किलो. त्याचं तिला काडीचं दुःख नव्हतं. "पाव करणारी बाई वाळकी दिसली तर गिऱ्हाईक विश्वास कसा ठेवेल?" असं ती म्हणायची.

मग धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या. शाळेत चित्रकला शिकवणारा हा हसरा माणूस आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनला जखडला गेला. ताई आपली किडनी द्यायला एका पायावर तयार झाली. रक्त जुळलं, सगळं जुळलं, पण डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"ताई, या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. ऐंशीच्या खाली या."

"तोवर माझा भाऊ थांबेल का?"

"थांबेल. पण फार ताणू नका."

आहारतज्ज्ञ बाईंनी कागद लिहून दिला. पाव, भात, बटाटा, साखर बंद. अंडी, मासे, पालेभाज्या चालू. ताईने घरातले डबे उपसून शेजारी वाटून टाकले. नवऱ्यालाही पालेभाजीवर बसवलं.

सहा आठवडे झाले. काटा दोन किलो उतरला आणि तिथेच ठाण मांडून बसला. काटाच बिघडला असेल म्हणून ताई पिठाची पोती तोलायच्या काट्यावर चढली. तोही तेच म्हणाला. त्या दिवशी ती पोत्यांच्या आड जाऊन रडली.

एका सकाळी भाऊ भट्टीवर येऊन स्टुलावर बसला. मशीनला जायच्या आधी त्याला तिथली ऊब बरी वाटायची. पहिला ट्रे बाहेर आला. ताईने एक पाव मोडला, तुकडा तोंडात टाकला, मान डोलावली. दुसरा ट्रे, दुसरा तुकडा. नवव्या ट्रेला भाऊ म्हणाला, "ताई, तू हे काय खातेयस?"

"खाते कुठे? चाखते."

"नऊ वेळा चाखलंस."

ताईचा हात पिठात तसाच राहिला. पंचवीस वर्षांत चाखणं तिने खाण्यात कधी धरलंच नव्हतं, ते काम होतं. रोज तुकड्या-तुकड्याने तीन-चार पाव पोटात जात होते आणि ही बाई काट्याला शिव्या घालत होती.

"न चाखता पाव झाला की नाही ते कळणार कसं?" मालक धास्तावले.

ताईने पाव उलटा केला, बुडावर बोटाने टकटक केली आणि कान लावला. पोकळ आवाज आला तर भाजला, बद्द आला तर कच्चा. तिला भट्टीचं काम शिकवणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं हे तंत्र जिभेच्या लाडापायी ती विसरली होती. मुठीच्या अंदाजाने पडणारं मीठही ती तोलून घालू लागली. पहिल्या दिवशी चाळीस पाव कच्चे निघून पुन्हा भट्टीत गेले, दुसऱ्या दिवशी आठ. नंतर एकही नाही.

आता काटा हलला. ताज्या पावाच्या वासाने जीव कासावीस व्हायचा. ती घोटभर पाणी प्यायची, भावाचा चेहरा आठवायची आणि पुढचा ट्रे ओढायची. आठव्या महिन्यात ती दवाखान्यातल्या काट्यावर उभी राहिली. एकोणऐंशी पूर्णांक सहा.

"चपला काढून ना?" नर्सने विचारलं.

"घालून," ताई म्हणाली, आणि पाय पुढे करून दाखवले.

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी भाऊ त्याच स्टुलावर बसला होता, गालांवर रंग आलेला. ताईने पाव उलटा करून वाजवला, मोडला आणि त्याच्या हातात दिला. "आजपासून चाखायचं काम तुझं."

त्याने सावकाश चावून खाल्लं.

"मीठ कमी आहे."

पंचवीस वर्षांत तिच्या पावाला पहिल्यांदाच कोणी नाव ठेवलं होतं. ताई कुशीवरच्या टाक्यांच्या खुणेवर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिली.