डेक्लनचे डोंगर

डेक्लन गेल्याचं कळलं ते ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. इथं जर्मनीत, ब्योब्लिंगेनच्या तळ्याकाठी सकाळी फिरायला गेला, बाकावर बसला, तो उठलाच नाही... मी स्टेशनवर उभा होतो. मेसेजखाली आमच्या टीमप्रमुख बिर्गिटनं लिहिलं होतं, 'आता आपल्याला आयरिश म्हणी कोण सांगणार?' खोटं कशाला बोलू? डोळे भरून आले आणि त्याच क्षणी पोटातही दुखलं. मेल्यावरही कौतुक यालाच!

आमची टेबलं शेजारी होती. तो पश्चिम आयर्लंडमधल्या खेड्यातला, मी साताऱ्याचा. दोघंही कंत्राटावर आलेले इंजिनिअर. डेक्लनकडे प्रत्येक प्रसंगाला म्हण तयार. डेडलाइनवरून जर्मन मंडळी तापली की तो चहा ढवळत म्हणायचा, 'देवानं वेळ घडवला तेव्हा भरपूर घडवला.' कुणी नवखा एकटा पडला की 'माणसं एकमेकांच्या आसऱ्यानं जगतात.' सगळे खूश. एकदा मीही मीटिंगमध्ये 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' जर्मनमध्ये सांगून पाहिली. बिर्गिटनं गंभीरपणे विचारलं, "कुठला आड? आपल्या प्लॅन्टमध्ये?" थोड्याच दिवसांनी डेक्लननं तीच म्हण एक भुवई उडवून टाकली आणि खोली हसून लोळली. बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. "अरे, ही माझी!" तो म्हणाला, "तुझीच रे. पण तू सांगतोस ती ऑडिट रिपोर्ट वाचल्यासारखी." पुढे 'शितावरून भाताची परीक्षा' त्यानं बटाट्यांवर नेली आणि तीही आयरिश म्हणून खपली. मी वरवर हसायचो, आतून जळायचो. हातात होतं काय माझ्या या देशात? चार म्हणी. त्याही हा घेऊन चालला होता.

कडेलोट झाला तो डोंगरांवरून. ऑफिसच्या चहाच्या खोलीतून स्वच्छ हवेत श्वेबिश आल्ब डोंगरांची निळी रांग दिसते. कॅनडात नोकरी शोधायचं त्याच्या मनात होतं, तेव्हा मीच त्याला 'दुरून डोंगर साजरे' ऐकवलं होतं. महिनाभरानं मी पुण्याला परत जायच्या गोष्टी करत होतो, तर हा खिडकीशी उभा राहून मलाच सांगतो, 'दूरचे डोंगर हिरवेच दिसतात!' माझं डोकं फिरलं. "ही तरी सोड! साताऱ्याचा आहे मी. डोंगर माझे आहेत." तो म्हणाला, "बरं. घे, तुझे डोंगर." पुन्हा त्यानं ती म्हण ऑफिसात कधी उच्चारली नाही. जिंकल्याचा आनंद मला कितीतरी दिवस पुरला.

शोकसभेला त्याची मोठी बहीण नोरा आली होती. कॉफी घेताना ती माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "तो घरातून निघाला ना, तेव्हा आई दारात येऊन म्हणाली, दूरचे डोंगर हिरवे दिसतात, पोरा. नंतर प्रत्येक फोनवर तेच. ती गेल्यावर फोन ठेवताना तो तेच मला म्हणायचा." माझ्या हातातला केकचा तुकडा तसाच राहिला. म्हणजे ही त्याचीच होती. आईकडून आलेली. आणि एका शब्दानं न भांडता त्यानं ती मला देऊन टाकली होती... शरम वाटायला हवी होती. पण आधी वाटला तो हेवाच. एवढं मोठं मन मी दाखवलं नसतं. आणि त्याला आईनं निघताना असं काही दिलं! माझी आई म्हणाली होती, "लोणच्याची बरणी उभी ठेव, तेल गळेल."

गेल्या आठवड्यात हवा स्वच्छ होती. चहाच्या खोलीत डेक्लनचा कप अजून खुंटीला आहे. तो कुणी काढत नाही. बिर्गिट खिडकीशी उभी होती. आल्बकडे बघत म्हणाली, "ती डोंगरांची म्हण... म्हणजे, ती तुझी ना?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी कितीतरी वर्षं झुरलो होतो.

"नाही," मी म्हटलं. "डेक्लनची."