मागच्या दाराजवळचं बटण

बबनभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. मोबाइल ओट्यावर चार्जिंगला लावलेला, हात पिठाचे, म्हणून करंगळीनंच कसाबसा स्पीकर सुरू केला. पलीकडून त्यांची सून म्हणाली, "बाई, भाऊ गेले... सकाळी चहा घेतला आणि बसल्या बसल्याच." फोन ठेवला आणि माझी नजर त्या चार्जरवर गेली. ओट्याच्या याच कोपऱ्यात पॉइंट हवा म्हणून भाऊ माझ्याशी अर्धा तास भांडले होते. तो फोन येऊन आता महिना होत आला.

बबनभाऊ आमचे वायरमन. देहूरोडच्या लष्करी डेपोतून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले, राहायला नवलाख उंबरे गावात. आम्ही कुसगावात घर बांधायला काढलं तेव्हा कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं. मी लोणावळ्याच्या शाळेत जन्मभर भूमिती शिकवलेली. सरळ रेघ दिसली की मला बरं वाटतं, वाकडी दिसली की हात शिवशिवतात. त्यामुळे सगळ्या खोल्यांचा आराखडा आलेखाच्या कागदावर काढून, एकेक पॉइंट लाल पेनानं दाखवून मी तयारच होते. भाऊंनी कागद कौतुकानं पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "झ्याक काढलंय बाई. पर हे कागदावरचं घर झालं. आता तुमी हितं एक दिस ऱ्हाऊन दावा."

ही त्यांची पद्धत होती. ना गिलावा, ना दारं, ना फरशी. अशा घरात आम्हा नवरा-बायकोला त्यांनी एका रविवारी सकाळपासून बसवलं. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक बाज आणि खाली विटा मांडून केलेला खोटा ओटा. भाऊ हातात खडू घेऊन पालथ्या घमेल्यावर बसलेले. "उठलात. आता काय करनार? मिक्सर कुटं ठिवनार? साहेब पेपर कुटं वाचत्यात?" आम्ही नाटकातल्यासारखे हात लांबवायचो आणि हात जाईल तिथं भाऊ फुली मारायचे. माझ्या आराखड्यात एक पॉइंट नेमका कपाटामागे आला होता. "बाई, कपाटाला चार्जिंग लागतंय व्हय?" म्हणाले. गिझरची लाइन वेगळी, स्वयंपाकघराची वेगळी, दिव्यांची वेगळी. "गिझर बिघडला म्हनून समद्या घरात अंधार कशापायी?" हे त्यांनी मला एखाद्या ढ मुलीला समजवावं तसं समजावलं. मला राग आला नाही, उलट मजा वाटली... फार वर्षांनी कुणीतरी मला शिकवत होतं.

खरं तर घर बांधायला काढलं होतं आईसाठी. ती पवन मावळातल्या आमच्या गावी एकटी राहायची. काचबिंदूनं तिची नजर इतकी गेलेली, की उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तरी चूल, पाणी, दिवे सगळं हातानं चालायचं. इकडे ये म्हटलं की तिचं एकच उत्तर, "हितं माझा हात चुकत न्हाई. तितं मी आंधळीच की गं." हे भाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "मग मावशींना आना की."

आईला आणलं. भाऊंनी तिला दारात उभं केलं आणि म्हणाले, "मावशी, तुमच्याच घरात हाय असं समजून फिरा." ती भिंतीला हात लावत फिरली, मागे भाऊ खडू घेऊन. आई मुळात बुटकी, त्यात कमरेत वाकलेली. फुल्या पडल्या त्या कुठे माझ्या कमरेला, कुठे पोटाला. दोन फुल्या एका उंचीवर असतील तर शपथ. मागच्या दाराशी तिचा हात उजवीकडे गेला. गावी तिथं गोठ्याच्या दिव्याचं बटण आहे. मी म्हटलं, "आई, इथं गोठा नाही." तिनं ओशाळून हात मागे घेतला. भाऊंनी तिथंही फुली मारली.

आणि मग मी ते केलं. भाऊ भाचीच्या लग्नाला तीन दिवस गेले होते. त्या वर-खाली फुल्या मला बघवेनात. पाहुणे काय म्हणतील? मी गवंड्याला बोलावलं, लेव्हलच्या नळीनं साडेचार फुटांवर रेघ मारून घेतली आणि बटणांचे सगळे बॉक्स एका ओळीत बसवून टाकले. आईला होईल सवय, अशी मनाची समजूतही घातली. भाऊ आले. उंबऱ्याच्या जागी उभे राहून त्यांनी चारी भिंती पाहिल्या. चिडले नाहीत. "बाई, घर कुनासाठी बांधताय?" एवढंच विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी छिन्नी-हातोडी घेतली आणि सगळ्या खाचा स्वतः पुन्हा मारल्या. जुन्या बॉक्सच्या जागी भरलेली ठिगळं अजून तिरप्या उन्हात दिसतात. मी मात्र एका बाबतीत हटून बसले. मागे नुसतं रान, दिवा लावला की किडे, म्हणून मागच्या दाराला दिवा नको आणि बटणही नको. भाऊ म्हणाले, "दिवा नगं तर ऱ्हाऊ द्या. बटन बसवतो. मावशींचा हात कोऱ्या भिंतीवर नगं पडाय."

घर झाल्यावर आई आली ती पंधरा दिवसांच्या बोलीवर, एका पिशवीत दोन लुगडी घेऊन. पहिल्या दिवशी दोनदा ठेचकाळली. संध्याकाळी मात्र उठली, भिंतीला हात लावला आणि पहिल्या फटक्यात दिवा लावला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. चौथ्या दिवशी मी उठायच्या आत तिनं चहा केला होता. पिशवी कधी रिकामी झाली ते मला कळलंही नाही. रोज तिन्हीसांजेला घरातले दिवे लावून झाले की ती मागच्या दाराचं मुकं बटणही दाबायची. टिक. मी म्हणायचे, सवय... दुसरं काय.

भाऊ गेल्याचं तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझा हात कुटं जातो ते बघनारा मानूस व्हता." दोन-तीन दिवसांनी मी सहज मेन बोर्डाचं झाकण उघडलं. आत भाऊंनी चिकटवलेला कागद आहे, कुठला खटका कशाचा ते लिहिलेला, डेपोतल्या कामाच्या कागदासारखा शिस्तीत. घर झाल्यापासून तो मी एकदाही पूर्ण वाचला नव्हता. सगळ्यात खाली लिहिलं होतं, "मागचा दिवा, मावशींचा. वायर ओढून ठेवली आहे. बाई हो म्हणतील तेव्हा होल्डर लावणे."

मागच्या भिंतीवर, रंगाखाली गोल टोपण सापडलं. आत वायरची दोन टोकं नीट गुंडाळून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या एका वायरमनला बोलावून दिवा लावून घेतला. आईला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी ती नेहमीसारखी आली. टिक. मागचं अंगण पिवळं झालं. आई उजेडाकडे तोंड करून उभी राहिली, हात बटणावरच. मी विचारलं, "आई, इतके दिवस लागत नव्हतं, तरी का गं दाबायचीस?"

"भाऊंनी बसवलंय म्हनल्यावर," ती म्हणाली, "कवातरी लागनारच व्हतं."