सटवाच्या बायकोचा पहिला बोलपट

चतुराबाई नटी झाली ती मोबाइल बिघडल्यामुळं, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते. पुतण्या बजरंगच्या मोबाइलमध्ये चित्र झकास यायचं, पण आवाज नुसता खरखरायचा. त्यात कड्याच्या वरच्या माळावर वारा असा, की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं धड ऐकू येत नाही. बजरंगनं आवाज काढूनच टाकला, मागं हलगी लावली आणि मेंढरांमागं भांडत चाललेल्या चुलता-चुलतीचं चित्र मोबाइलवर सोडून दिलं. भांडण खरंच होतं. अभिनय कुणी केलाच नव्हता.

पण लोकांना काय आवडेल ते सांगता येतं का! ते भांडण बघता बघता जिल्हाभर गेलं. बजरंगनं मग नवी नवी भांडणं रचली आणि त्या मालिकेला नाव दिलं 'सटवा आणि त्याची बायको'. त्यातला सटवा म्हणजे चतुराबाईचा खराखुरा नवरा. ती नऊवारी खोचून, एक भुवई वर करून त्याच्याकडं बघायची आणि बघणारे पोट धरून हसायचे.

"ल्हानपनी बाभळीचा काटा लागलाता हितं," ती भुवईला बोट लावून सांगायची. "तवापसून ही एकलीच वर जाती. लोक म्हनत्यात, लई भारी ॲक्टिंग!"

आष्टीच्या बाजारात लोक तिच्याबरोबर फोटो काढू लागले. ती खरोखरच मुकी आहे असं बऱ्याच जणांना वाटायचं. एका भाजीवालीनं तिला हातवारे करून गवारीचा भाव सांगितला, तर हिनंही भिडेखातर हातवाऱ्यांनीच घासाघीस केली आणि अर्धा किलो गवार घेऊन मुकाट घरी आली. वर स्वतःलाच हसली, की एवढं तोंड असून आपण ते पिशवीत घालून हिंडतो.

खरी पंचाईत व्हायची ती कुणी मालिकेचं नाव विचारलं की. सांगणार कसं? नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं आईनं लग्नाच्या मांडवातच कानात घातलेलं. चतुराबाई कोड्यात पडायची आणि म्हणायची, "ह्यांचं नाव आन् त्येची बायको." ऐकणारा गोंधळून निघून जायचा. सबंध जिल्हा ओळखतो, आणि आपल्याच खेळाचं नाव या बाईच्या तोंडून निघत नाही!

मग बजरंगनं कॉलरला लावायचा माइक आणला.

"काकू, मुके खेळ बास झाले. आता बोलपट. तू पहिल्यांदा तोंड उघडनार."

"आन् म्हनू काय?"

"एकच शब्द. इतकी वर्सं गप ऱ्हायलेली बायको चिडती आन् नवऱ्याला नावानं हाक मारती. तात्या दचकतेत. खेळ खलास."

चतुराबाई अडून बसली. तिनं सांगून पाहिलं, की नाव बदल. बजरंग म्हणाला, नाव बदललं तर लोक म्हणतील बाईनं नवरा बदलला. तिनं 'अवो' म्हणून पाहिलं. माळावर मेंढरं राखणारे तीन गडी एकदम वळले, कारण प्रत्येकाची बायको त्याला 'अवो'च म्हणत होती. शेवटी तिला उखाण्याची आठवण झाली. उखाण्यात नाव घ्यायला मुभा असते. मग हातात काठी घेऊन, चिडून नवऱ्यामागं धावत, तिनं चांदीचं ताट, ताटात पेढा असं सुरू केलं. नाव येईस्तोवर सटवा बांध ओलांडून पलीकडं गेला होता आणि बजरंग कपाळाला हात लावून खाली बसला होता.

"आपल्याच्यानं न्हाई व्हायचं बाबा," ती म्हणाली. "आमी मुक्याच बऱ्या."

"मंग मला दुसरी बाई आनावी लागंल, काकू."

हे ऐकलं आणि तिला आतून फार वाईट वाटलं. सगळा जन्म मेंढरांच्या मागं गेला होता. लग्नकार्यात हिची पंगत शेवटची, फोटोत ही कडेला अर्धी. कुणीतरी आपल्याकडं बघावं, आपली वाट बघावी, हे सुख तिला या वयात पहिल्यांदा मिळालं होतं. ते तिला सोडायचं नव्हतं. पण मागच्या उन्हाळ्यात सटवा माळावरच चक्कर येऊन पडला होता, आणि तेव्हापासून रोज सकाळी तो उठेपर्यंत तिच्या जिवात जीव नसायचा. नाटकापायी त्याचं आयुष्य कमी करायला ती काय वेडी होती?

दुसरी बाई आली ती तेलगावची वनमाला. गणपतीतल्या नाटकांत कामं केलेली, बोलायला फटकळ, मनाची मोकळी. तिनं माइक लावला, पदर खोचला आणि गोड सुरात हाक मारली, "सटवाऽऽ!"

सटवा वळला आणि हसला. असला हसला, की चतुराबाईनं हळदीच्या दिवशीसुद्धा त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"तात्या, हसायचं न्हाई," बजरंग म्हणाला. "बायको चिडलीय. दचकायचंय."

पुन्हा हाक. पुन्हा हसू. तिसऱ्यांदा तर सटवानं वळायच्या आधी पटका नीट केला.

बाजूला कोकरू धरून उभी असलेली चतुराबाई बघत होती. पटका नीट केलेला तिनं पाहिला आणि तिच्या अंगाचा भडका उडाला. आई, मांडव, आयुष्य, सगळं डोक्यातून गेलं. या वयात आपल्याला सवतीमत्सर सुचतो आहे आणि तोही हातात कोकरू घेऊन, याची लाज तिला वाटली, पण ती नंतर.

"सटवाऽऽऽ!"

माळ दणाणला. सटवाच्या हातातली काठी गळून पडली. तोंड उघडं ते उघडंच.

"झालं!" बजरंग उडी मारून ओरडला. "हेच पायजे व्हतं, काकू!"

"ताई, असली हाक मला सात जन्मात जमायची न्हाई," वनमाला हसत म्हणाली. तिनं माइक काढून चतुराबाईच्या पदराला लावला आणि चहा पिऊन आनंदानं तेलगावला गेली.

चतुराबाईला मात्र आनंद झालाच नाही. जीभ चावून ती दगडावर बसली. "खंडोबा, मी न्हाई म्हनलं, ह्या जिभंनं म्हनलं," असं पुटपुटली. मग दिवसभर सटवाच्या मागं मागं. छातीत दुखतंय का? पाणी देऊ का? सावलीत बसा की जरा. सटवा काही बोलेना. संध्याकाळी जेवायला बसला तरी गप्पच. मुका आता तो झाला होता.

"रागावलाव व्हय?" तिनं तव्यावरची भाकरी उलटत विचारलं.

"न्हाई."

"मंग बोलत कावून न्हाई?"

सटवानं हातातला घास ताटात ठेवला.

"माय घ्यायची माझं नाव," तो म्हणाला. "बाप घ्यायचा, शिव्या देतानी. दोघंबी गेले. आता कुनी तात्या म्हनतं, कुनी मामा म्हनतं, तू अवो म्हनतीस. त्या बाईनं नाव घेतलं तवा वाटलं, आरं, ही कुनाला बोलवाय लागली? मंग ध्येनात आलं, हे तर माजंच नाव हाय. म्हनून हसू आलं. पर तू म्हनलीस तवा... परत म्हन की येकदा."

चतुराबाईच्या हातात भाकरी तशीच राहिली.

"काय बी काय! आयुष्य कमी व्हतं."

"व्हऊ दी थोडं. लई हाय अजून."

"असलं वंगाळ बोलू नगा!" ती चिडून म्हणाली. डोळे भरून आले होते ते तिनं धुरावर ढकललं. मग दाराबाहेर नजर टाकली. बजरंग नव्हता, त्याचा मोबाइल नव्हता, कुणीच नव्हतं. तिनं गरम भाकरी त्याच्या ताटात टाकली, पदर डोक्यावर सारखा केला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"सटवा, जेवा की."