पत्ते उघडण्याआधी

हडपसरच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं फोनवर पोकर खेळायचो. तो माझ्या शेजारच्या डेस्कवर बसायचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. ॲपमधल्या चिप्स खोट्या, फुकट मिळणाऱ्या. तरी तो परीक्षेचा पेपर सोडवत असल्यासारखा खेळायचा.

खेळ त्यानेच मला शिकवला. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, मग टेबलावर पाच उघडतात. ते उघडण्याआधीच हातातल्या सगळ्या चिप्स लावता येतात. त्याला ऑल-इन म्हणायचं.

"समोरचा ढिला असेल, कुठल्याही पत्त्यांवर खेळणारा, तर त्याला घाबरवायला जाऊ नकोस," तो सांगायचा. "तो घाबरतच नाही. थांब. एक्के, बादशहा, राण्या अशी मोठी जोडी आली की काही उघडायच्या आत सगळं लाव. तो येणारच. आणि बहुतेक वेळा हरणार."

"बहुतेक?"

"पाचात एखादा डाव तो मारेल. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही."

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. हृदयविकाराचा झटका, वय अडतीस. सोमवारी त्याच्या डेस्कवर नवा माणूस बसला नाही एवढंच. पुढच्या सोमवारी बसला.

चार-पाच महिन्यांनी, एका रविवारी दुपारी कात्रजच्या घरी कपड्यांच्या घड्या घालून झाल्यावर मी ॲप उघडलं. यादीत त्याचं नाव हिरवं झालं होतं. तोच फोटो, चष्मा कपाळावर चढवलेला. कुणीतरी अकाउंट चोरलं असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि तरीही ॲपमधल्या त्याच्याच टेबलावर जाऊन बसले.

ते अकाउंट प्रत्येक डाव खेळत होतं. एकदाही पत्ते टाकून डाव सोडत नव्हतं. बाकीच्यांनी ते लगेच हेरलं होतं. मला बादशहांची जोडी आली. मी सगळ्या चिप्स लावल्या. तो असता तर त्याने थोडा विचार करून पत्ते टाकून दिले असते. समोरून क्षणात होकार आला. पत्ते उघडले: नव्वी आणि तिर्री. चिप्स माझ्याकडे आल्या. मग चॅटमध्ये ओळ उमटली, "छान. आपण त्याच्या ओळखीच्या का?"

मी फोन उशीखाली सरकवला. आठवडाभर ती ओळ डोक्यातून जात नव्हती. फोन घरच्याच कुणाकडे असणार असं वाटून शेवटी शनिवार पेठेत त्याच्या वडिलांकडे गेले. ते एकटेच राहत होते. दार उघडून त्यांनी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं.

"ऑफिसातून आलात? त्याला घरून कामासाठी दिलेली खुर्ची परत करायची राहिली का?"

मी टेबलावरच्या डावाचं सांगितलं. ते संकोचले नाहीत. "त्याचा फोन चालू ठेवलाय मी. त्याच्या नावाने बसलं की कुणी ना कुणी खेळायला येतं."

"पण काका, तुम्ही प्रत्येक डाव का खेळता?"

"पत्ते टाकले की दुसऱ्यांचा खेळ नुसता बघत बसावं लागतं. ते मी दिवसभर करतोच." मग चहाचा कप माझ्यापुढे ठेवत त्यांनी विचारलं, "तो कसा खेळायचा?"

मी शिकवलं. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे त्यांनी सगळं लिहून घेतलं: कुठली जोडी ठेवायची, काय टाकायचं, ढिल्या माणसासमोर कधी सगळं लावायचं. पुढचे काही रविवार आम्ही आपापल्या घरून एकाच टेबलावर बसलो. ते अकाउंट आता शांत झालं होतं. डावामागून डाव पत्ते टाकायचं, तेही तो घ्यायचा तसा जरासा वेळ घेऊन.

एका दुपारी बरेच डाव पत्ते टाकत राहून त्या अकाउंटने एकदम सगळ्या चिप्स लावल्या. माझ्याकडे राण्यांची जोडी होती. इतका वेळ थांबणारा माणूस उगाच पुढे येत नाही, हे मला कळत होतं. तरी मीही सगळं लावलं. समोर दोन एक्के. मी हरले. कपाळावर चष्मा चढवलेला तो चेहरा पाहत असताना फोन कुणाच्या हातात आहे, हेच मी विसरले. मी लिहिलं, "कसा आहेस?" आणि पाठवलंही.

पलीकडे काही टाइप होत असल्याचं दिसलं आणि थांबलं. मग आलं, "तो नाही. मी आहे."

माफी मागायला मी लगेच गेले नाही. धीर व्हायला पुढचा रविवार उजाडला. काकांनी माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"तुमचा प्रश्न आला तेव्हा त्याच्या नावाने उत्तर द्यावं असं वाटलं होतं," ते म्हणाले. "टाइप करायला घेतलं. पण तो काय म्हणाला असता, ते मला सुचेना. मी त्याला हे कधी विचारलंच नव्हतं."

मी अजून महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जाते, पण त्या टेबलावर बसत नाही. काका बसतात. मी शिकवलेली त्याची पद्धत त्यांनी सोडून दिली आहे. पुन्हा प्रत्येक डाव खेळतात आणि हरतात.